रिटर्न तिकिटाचा रस्सा

बिटर वेल स्टेशनवर एकदा जेवलेला माणूस जन्मात तिथे पुन्हा जेवत नसे, आणि फिनियस डॉबला त्याची काडीचीही फिकीर नव्हती. कशाला असेल? एक गाडी गेली की मागून दुसरी गाडी भरून येत होती. अख्खा देश पश्चिमेकडे निघाला होता, आणि नेब्रास्काच्या त्या उघड्या माळावर भूक लागली तर डॉबच्या खाणावळीखेरीज दुसरीकडे तोंड घालायला जागा नव्हती. गाडी वीस मिनिटं थांबायची. डॉब दारातच पैसे घ्यायचा, मगच खुर्ची दाखवायचा. कॉफी मुद्दाम अशी उकळती वाढायची, की ओठ लावायची कुणाची छाती होऊ नये. लोकांनी दोन-चार घास घेतले न घेतले तोच कंडक्टर हायरम दारातून ओरडायचा, "चला, चला! गाडीत बसा! सुटली गाडी!" की झाली पळापळ. कुणी रुमालात मांस गुंडाळतोय, कुणी टोपी शोधतोय, कुणी डॉबच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. घड्याळात पाहायला कुणाला सवड नसे, आणि पाहिलं तरी कुणाचं घड्याळ कुणाशी जुळत नसे. त्या आरोळीबद्दल डॉबच्या कमाईत हायरमचा वाटा ठरलेला होता.

मग ताटं गोळा व्हायची. खरी किळस पुढेच होती. अर्धवट खाल्लेले मांसाचे तुकडे डॉब स्वतः उभा राहून वेगळे काढवून घ्यायचा. दातांच्या खुणा सुरीने छाटायच्या, तुकडा रश्श्यात परत सोडायचा, वरून पाणी, मीठ आणि मिऱ्याची भुकटी. या तुकड्यांना डॉबने नाव ठेवलं होतं 'रिटर्न तिकीट'. स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन तो रोज म्हणायचा, "अल्मायरा, पाहा बरं, रिटर्न तिकीटवाले किती आलेत आज?" आणि ढेरी हलवत हसायचा. एकेक तुकडा तीन-तीन गाड्यांपुढे जाऊन येई. पाटीवर त्या रश्श्याचं नाव होतं 'चिकन'. त्यात कोंबडी सोडून बाकी बरंच काही होतं, ससे होते, माळावरच्या बिळांतून धरलेल्या घुशीएवढ्या खारी होत्या, आणि वर तरंगायला कणकेचे गोळे.

हा रस्सा शिजवायची ती अल्मायरा ग्रिग्ज. चार वर्षं शिजवत होती, पण एकदाही चाखला नव्हता. मीठ ती अंदाजाने टाकायची. स्वतः दुपारी मागच्या पायरीवर बसून पाव आणि उकडलेलं अंडं खायची, तेही चुलीकडे पाठ करून. हातांचा वास जावा म्हणून राखेने हात घासायची, तरी तो जात नसे. "सोडून का नाही देत?" असं तारबाबू ल्यूथरने तिला एकदा विचारलं होतं. "आणि जाऊ कुठे? तुझ्या तारेवर बसू?" असं म्हणून तिने त्याला गप्प केलं होतं.

जायला तिला खरंच कुठे जागा नव्हती, आणि त्याला कारण हीच सगळी प्रगती होती. तिचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या मोठ्या कालव्याच्या काठी झाला. बाप खेचरं हाकून कालव्यातली नाव ओढायचा. त्या कालव्याने आतल्या मुलखातला गहू शहरात नेला, शहरातलं कापड आत आणलं, आणि जिथे अस्वलं फिरायची तिथे गिरण्या उभ्या केल्या. त्याचा डंका चारी दिशांना वाजला. मेलेली खेचरं कालव्यातच ढकलून देत आणि खालच्या अंगाला बायका त्याच पाण्याने धुणी धूत, हे मात्र कुणाच्या भाषणात आलं नाही. मग आगगाडी आली, कालव्याचा धंदा बसला, बापाने बाटली जवळ केली आणि त्या बाटलीतच तो गेला.

अल्मायराने सायलस ग्रिग्जशी लग्न केलं, आणि ते दोघं बैलगाडीतून पश्चिमेला निघाले. तेव्हा पश्चिमेला जाणं म्हणजे मरणंच होतं. गावाची रीतच होती तशी. आदल्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थना व्हायची, अंत्यविधीला म्हणतात तीच गाणी म्हणायचे, आणि जाणाऱ्यांना पुढच्या बाकावर बसवून सगळे त्यांच्या हातावर हात ठेवून रडायचे. अल्मायराची आई जेरूशा रडली नाही. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नीट निरखून पाहिला आणि म्हणाली, "जा आता. मी तुला आजच पुरलं असं समजेन, म्हणजे रोज रोज जीव टांगणीला लागायला नको." आई बोलायला अशीच तिखट. पण त्या दिवशी गाडी वळणाला गेली तरी ती फाटकातच उभी होती.

पुढे सायलसने तारेच्या खांबांसाठी खड्डे खणले. झाड नाही, झुडूप नाही अशा माळावर खांब दिसले की गवे येऊन त्यांना पाठ घासत, आणि खांब आडवे होत. ते पुन्हा उभे करता करता सायलसचे हात सोलून निघाले. तार जोडली गेली त्या दिवशी या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत शब्द क्षणात पोचला, आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की देश एक झाला. झाला असेल. देश एक होण्याआधी तान्ही लेक वाटेतल्या नदीकाठी पुरून झाली होती, तिची खूण म्हणून लावलेली फळीही कुणीतरी सरपणाला नेली. मग रूळ आले. सायलस डबे जोडायच्या कामाला लागला. आधी त्याची दोन बोटं गेली. दोन डब्यांच्या मधे बोटं जाणं त्या धंद्यात इतकं रोजचं होतं, की माणूस जुना आहे की नवा हे लोक त्याची बोटं पाहून ओळखायचे. एका सकाळी तो सगळाच मधे सापडला. कंपनीच्या माणसाने टोपी काढली, टोपी घातली आणि अल्मायराला डॉबच्या स्वयंपाकघराची वाट दाखवली.

तेव्हापासून ती गाड्या पाहत होती. गाडीतून उतरणारे साहेब पोटावर हात फिरवत म्हणायचे, "वा! काय देश वाढतोय!" आणि तेच साहेब मघाशी खिडकीतून बंदुका झाडून हरणं लोळवत आलेले असायचे, गाडी न थांबवता, नुसती गंमत म्हणून. रुळांच्या दोन्ही बाजूंना ती कुजत पडायची. उन्हाळ्यात वारा फिरला की बिटर वेलला नाक धरून बसावं लागे. देश वाढतोय म्हणे! अल्मायराच्या मनात यायचं, वाढतोय खरा, पण वास किती मारतोय.

अशात जुलैच्या एका सकाळी ल्यूथर तारघरातून धापा टाकत आला. हा ल्यूथर पन्नाशीचा, अंगाने काडी, आणि जगातल्या सगळ्या बातम्या याच्या कानावरून जायच्या, पण त्याला स्वतःला कुणाची कधी तार येत नसे. हातातला कागद हलवत तो म्हणाला, "अल्मायरा, तुझ्या भावाची तार आहे गं, सॅक्रामेंटोहून! आई येतेय तुझी!"

"कोण येतंय?"

"आई, आई! त्याने तिला स्वतःकडे राहायला बोलावलंय. उद्या दुपारच्या गाडीत आहे. वीस मिनिटं आपल्या स्टेशनवर!"

अल्मायरा मटकन पिठाच्या पोत्यावर बसली. ज्या वाटेला तिला सहा महिने लागले होते, जिथे लेक गेली होती, त्या वाटेने आता सत्तरीची म्हातारी खुर्चीत बसून सहा दिवसांत जात होती. चार वर्षं रुळांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या अल्मायराला त्या क्षणी ते रूळ चुंबावेसे वाटले. जिवंतपणी पुरलेली लेक आणि तिची आई पुन्हा समोरासमोर येणार होत्या.

"रडू नकोस बाई," ल्यूथर म्हणाला. "नाहीतर रड. पण पीठ ओलं होईल."

आईला हा रस्सा खायला घालायचा नाही, एवढं तिने तिथल्या तिथे ठरवलं. एकदाच आई तिच्या घरी, म्हणजे निदान तिच्या चुलीपाशी येणार होती. अल्मायराने आपल्या दोन कोंबड्यांतली एक कापली. आईने शिकवलं होतं तसं, मंद आचेवर शिजवून त्यात कणकेचे मऊ गोळे सोडले, लोणी घातलं, आणि ताट झाकून भट्टीच्या मागच्या कप्प्यात ऊबेला ठेवलं. सगळ्या खाणावळीत तेवढ्याच एका ताटाला अन्नाचा वास होता.

गाडी यायच्या आधी तिने डॉबला सांगितलं, "मिस्टर डॉब, कप्प्यातलं ताट माझ्या आईचं आहे. कोंबडी माझी आहे. त्याला हात लावू नका."

"अगं, मी कशाला लावतोय?" डॉब म्हणाला. "तुझी आई ती माझी आई."

आणि गाडी येऊन उभी राहताच ती आधी हायरमला जाऊन भिडली. त्याला तिने आदल्या फेरीतच पाव-लोणी चारून वळवून ठेवलं होतं. "हायरम, आज ओरडायचं नाही हं. पुरी वीस मिनिटं. माझी आई आहे गाडीत, सोळा वर्षांनी भेटतेय."

"बाई, माझं काय काळीज नाही का?" हायरम छातीवर हात ठेवून म्हणाला. "आज तोंडाला कुलूप."

आईचा डबा अगदी शेपटाला होता. साहेब लोक पुढून उतरून टेबलांवर धावत होते, तेव्हा अल्मायरा उलट्या दिशेने, धुळीतून, एकेका खिडकीत डोकावत पळत होती. शेवटच्या डब्याच्या पायरीवर एक वाळलेली, हनुवटीखाली बांधलेल्या काळ्या बॉनेट टोपीतली म्हातारी उलटी होऊन, दांडा धरून, एक एक पाय खाली सोडत होती.

"आई!"

म्हातारीने मान वळवली नाही. "थांब जरा, आधी जमिनीला लागू दे," ती म्हणाली. मग जमिनीवर उभी राहून तिने लेकीकडे पाहिलं आणि तोच जुना आवाज आला, "मेली कशी वाळलीयस गं! स्वतःच्या खाणावळीत जेवत नाहीस का?"

अल्मायरा तिच्या गळ्यात पडली. आईच्या अंगाला कोळशाचा, घामाचा आणि तीन दिवसांच्या बाकड्याचा वास होता, आणि अल्मायराला तो सोडवेना. पण म्हातारीचे गुडघे आखडले होते. खाणावळीपर्यंतचं ते अंतर संपता संपेना. सत्तर वर्षांच्या पायांना घाई करता येत नाही, आणि अल्मायराला तिला उचलून न्यावंसं वाटत होतं.

आत नुसता गोंधळ चाललेला. कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर तिने आईला बसवलं. "बस हं आई, हलू नकोस, मी ताट आणते. तुझ्यासाठी वेगळं केलंय." आणि स्वयंपाकघरात धावली. कप्पा उघडला. आत काहीच नव्हतं.

"माझं ताट कुठाय?"

डॉब दारात उभा राहून पैसे मोजत होता. "अगं, पुढच्या डब्यातले ते मोठे जमीनवाले साहेब आलेत. इथे गाव वसवायचं म्हणतायत. त्यांच्यापुढे काय तो रस्सा ठेवू? नावं ठेवतील आपल्याला."

"ते माझ्या आईचं होतं! सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"आईला दिलं की ताट. वाढणाऱ्या नोराकडून आत्ताच पाठवलं. चिकनच आहे तेही." आणि तो हसला.

अल्मायराने बाहेर पाहिलं. मधल्या टेबलावर सोनेरी साखळीवाला एक लालबुंद माणूस तिच्या कोंबडीची टांग हातात धरून शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता, बोलता बोलता टांग हवेत फिरवत होता. गोळे त्याने बाजूला सारले होते. त्याच्या हातातून ताट हिसकून घ्यावं आणि त्याच्याच डोक्यावर उपडं करावं, असं तिला वाटलं. पण उष्टं झालेलं ताट आता आईपुढे तरी कसं ठेवणार? उष्टं! त्या खाणावळीत हा विचार करणारी तीच एकटी होती.

ती कोपऱ्याकडे धावली तेव्हा आई जेवायला लागली होती. मान खाली घालून, हळूहळू, कवळी नसलेल्या तोंडाने चावत. ताटात तोच रस्सा, करडा, वर तेलाचे डोळे, आणि त्यात कुणीतरी कालच्या गाडीत चावलेला, छाटलेला, पुन्हा शिजवलेला तुकडा.

"आई, नको. ते ठेव. मी दुसरं..."

"का गं?" म्हातारी चमचा न थांबवता म्हणाली. "तू केलंयस ना हे?"

नाही म्हणावं तर सांगावं लागणार होतं काय आहे ते, आणि आईच्या तोंडात घास होता. "हो," ती म्हणाली. "मीच केलंय."

"वाटलंच. माझे गोळे. पण तुला अजून जमले नाहीत हो. घट्ट झालेत." म्हातारी हसली. "चव चांगलीय मात्र. बस ना, उभी काय राहिलीस?"

अल्मायरा बसली. तिला किती विचारायचं होतं. बाबांच्या थडग्यावर दगड बसवला का, घर कुणाला विकलं, मागल्या दारचं नासपतीचं झाड आहे का अजून. तिला सांगायचं होतं की सायलस गेला, की लेक होती, तिचं नावही जेरूशाच ठेवलं होतं. पण आई जेवत होती, आणि एकेका घासाबरोबर अल्मायराचा जीव गोळा होत होता. "पुरे आई, जड पडेल," ती म्हणाली.

"अन्न टाकायचं नसतं. तुला वाढवलं ते काय टाकून?" आईने पावाने ताटाचा काठ पुसला. "अजून आहे का गं थोडं? एक पळी."

"संपलं," अल्मायरा म्हणाली. मग तिने घाईने आईचा हात धरला. "आई, ऐक, मला एक मुलगी..."

"चला, चला! गाडीत बसा! सुटली गाडी!"

दारात हायरम उभा होता. ओरडून झाल्यावरच त्याला आठवलं. त्याने जीभ चावली, तोंडावर हात नेला. "अरे देवा, अल्मायरा! तोंडातून आपोआप निघालं गं! सवयच पडली बघ!" पण इंजिनाने शिटी दिली होती, खुर्च्या मागे सरकल्या होत्या, माणसं दाराकडे लोटली होती, आणि म्हातारी आधीच उठून शाल सावरत होती. वीस मिनिटांतली निम्मीसुद्धा झाली नव्हती.

पुन्हा ती धूळ, पुन्हा तो शेपटाचा डबा. अल्मायराने आईला दोन्ही बगलांतून धरून वर चढवलं. खिडकीतून म्हातारीने हात बाहेर काढला आणि लेकीच्या गालावर ठेवला, तेवढ्यात गाडी हलली. ती काही म्हणत होती. चाकांच्या खडखडाटात एकच शब्द कळला, "जेवत जा." मग पुढे पाहिलं तर रूळ सरळ होते, कुठे वळण नव्हतं, म्हणून गाडी बराच वेळ दिसत राहिली.

ल्यूथर तारघराच्या दारात उभा होता. तिला पाहून तो आत गेला.

ती परत आली तेव्हा डॉब ताटांचा ढीग घेऊन बसला होता. जमीनवाल्या साहेबाच्या ताटातली अर्धी कोंबडी त्याने मोठ्या आनंदाने बाजूला काढली होती. "हे बघ, आज रिटर्न तिकीटसुद्धा फर्स्ट क्लासचं!" मग कोपऱ्यातलं ताट उचलून त्याने उजेडात फिरवलं आणि नाक मुरडलं. "हे कुणाचं? चाटूनपुसून लख्ख केलंय. एक तुकडा ठेवला नाही! अशी माणसं आली तर धंदा बुडायचा आपला."

अल्मायराने ते ताट त्याच्या हातातून काढून घेतलं. "माझ्या आईचं आहे," ती म्हणाली.

"अगं, मी आपलं गमतीने..."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. चुलीपाशी जाऊन पातेल्यातून तिने पळीभर रस्सा त्याच ताटात वाढून घेतला, कोपऱ्यातल्या त्याच खुर्चीवर जाऊन बसली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा आपल्या हातचं तोंडात घातलं. आंबूस, तेलकट, आणि आत कुजल्याची चव, जी मिऱ्याखालीसुद्धा लपत नव्हती. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. तान्ह्या पोराला कळलं असतं. तिने घास गिळला, दुसरा चमचा उचलून तोंडाशी नेला, आणि तो तिच्या तोंडात जाईना.

आईने अजून एक पळी मागितली होती.